उलव्याच्या हौदाचं अंदाजपत्रक

७ मार्च १९८२, रविवार

स्विमिंग पूल! उलव्यात! मी दोनदा विचारलं, काय म्हणालात? माणूस दारातच उभा, चपला बाहेर काढून. कान्हा घरत. जमीन प्रकल्पात गेली, भरपाई मिळाली, आता घरामागच्या अंगणात स्विमिंग पूल पाहिजे. तो म्हणतो हौद. आधी अंदाजपत्रक द्या, मग काम काढतो. माझं नाव कुणी दिलं? "पनवेलचे एका मिस्तरीनं." कुठला मिस्तरी? "तो आता सुरतेला गेला." वा! अगदी वेळेवर गेला.

तीस बाय पंधरा फूट. खोली फक्त तीन. तीन फुटांत पोहणार कोण, बदकं? तर म्हणे पोरीच्या पायासाठी. वैशाली, नऊ वर्षांची, लहानपणी पोलिओ झाला. जानेवारीत परळच्या इस्पितळात ऑपरेशन केलं. डॉक्टर म्हणाले, सहा महिने रोज पाण्यात पाय हलवा, कुबड्या सुटतील. ह्याच सहा महिन्यांत. नंतर काही उपयोग नाही.

ओव्हरसियर म्हणून अठ्ठावीस वर्षं काढली मी. प्रत्येक खोट्या बिलामागे एक आजारी पोरगी असते.

चारू आतून ऐकत होती. "घ्या हो काम. बिचारा किती लांबून आला." हिला सगळेच बिचारे! शाळेत मुलांनी फसवलं तरी बिचारेच.

९ मार्च

भाव काढून आलो. सिमेंट काळ्या बाजारात पासष्ट रुपये गोणी. कान्हा म्हणतो सरकारी भावाचं परमिट आहे. ह्याला परमिट कसं मिळालं? मला स्वतःच्या बाल्कनीसाठी सात महिने मिळालं नव्हतं.

१४ मार्च, रविवार

उलव्याला जाऊन आलो. पनवेलला एसटी बदलली, फाट्यावर उतरलो, पुढे खाजणातून पायपीट. पायजम्याला गुडघ्यापर्यंत चिखल.

घर नवं, स्लॅबचं, पिस्त्याच्या रंगाचं. मागे अंगण, अंगण संपलं की बांध, बांधापलीकडे खाडी. त्याची बायको शेवंताबाई चहा घेऊन आली. गळ्यात नुसते काळे मणी. बायकोच्या अंगावर गुंजभर सोनं नाही आणि अंगणात स्विमिंग पूल! सोनं कुठे ठेवलंय मग?

मुलगी कुठे आहे विचारलं. "मामाकडं गेलीय, जासईला." हं.

आता खरी गंमत. पाणी खारं हवं! बांधाला भगदाड पाडून फाटक बसवायचं, भरतीला खाडीचं पाणी आत घ्यायचं, ओहोटीला सोडायचं. मी म्हटलं, अहो, लोक स्विमिंग पुलात गोडं पाणी घालतात. तो म्हणाला, "साहेब, गावाला प्यायाला पानी नाय. एक नल, तो पन दोन दिसांनी. हौदाला गोडा पानी कुठून आनू?" मग मुलीला सरळ खाडीतच का नाही उतरवत? "चिखलान पाय रुततो साहेब. आनि कालवांचे शिंपले कापतात."

उत्तरं सगळी तयार. फारच तयार.

आणि फाटक किती रुंद? तीन फूट! पाणी यायला नऊ इंची पाइप पुरतो. "गाल काढाला मानूस उतरला पायजे ना." गाळ काढायला म्हणे! तीन फुटांतून लहान होडीसुद्धा आत येईल. होडीतून काय येईल ते मी लिहीत नाही.

१६ मार्च

काम मात्र मजेचं आहे, खोटं कशाला बोलू. खारीच्या जमिनीत रिकामा हौद भरतीच्या वेळी खालून उचलला जातो, चक्क तरंगतो. भल्याभल्यांना हे ठाऊक नसतं. म्हणून तळ सहा इंचांऐवजी बारा इंच जाड धरला. खोदाई, सोलिंग, आरसीसी, आतून वॉटरप्रूफिंग, वर चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी, म्हणजे पाय घसरायचा नाही. कडेने लोखंडी कठडा, धरायला. सगळं मिळून अठ्ठेचाळीस हजार सहाशे.

एवढे पैसे पायाच्या व्यायामासाठी कोण घालतं?

२० मार्च

रेशनच्या दुकानाला नवा मालक आला! माझं पत्र गेल्यावर बरोब्बर पाच महिन्यांनी. चारूला म्हटलं, बघ, निनावी असलं तरी सरकार वाचतं. ती उठून कुकर बघायला गेली. सोसायटीच्या सेक्रेटरीलाही माझ्याच पत्रामुळे राजीनामा द्यावा लागला होता. मागच्या गॅसवाल्याचंही तेच. आजवर आठ पत्रं लिहिली. ह्या वाशीत काय काय सुधारलं ते कुणामुळे, हे कुणाला कळणार नाही. न कळो.

२६ मार्च, पाडवा

कान्हाचा माणूस निरोप घेऊन आला. आज मुहूर्तावर कुदळ मारली! अंदाजपत्रकावर माझी सही होऊन चार दिवस झाले नाहीत तोच! एवढी घाई कशाची? म्हणे, सहा महिन्यांतले दिवस जातायत.

श्रीखंड गोड लागेना. पेपरात बातमी, खाडीच्या तोंडाशी चोरटी चांदी पकडली. पान नीट घडी करून ठेवलं. मग एकेक गोष्ट ओळीने मांडली. खाडीला लागून हौद. तीन फुटी फाटक. भरतीची वेळ. परमिट. सुरतेचा मिस्तरी. सोन्याशिवाय बायको. आणि जी मुलगी मी अजून डोळ्यांनी पाहिलेली नाही.

उद्या धाड पडली तर नकाशावर सही कुणाची? माझी! श्यामसुंदर टिपणीस, निवृत्त ओव्हरसियर. पेन्शन जाईल. वर्तमानपत्रात नाव येईल. ह्या वयात!

२८ मार्च, रविवार

पत्र तयार केलं. मी सांगितलं, चारूने लिहून घेतलं, नेहमीसारखं. माझं अक्षर सगळ्या कचेऱ्यांत ओळखतात. कस्टमच्या साहेबांच्या नावे. 'एक जागरूक नागरिक'.

मधेच पेन थांबवून म्हणाली, "आणि मुलगी खरंच असली तर?"

"असती तर दाखवली असती."

"प्रत्येकाने तुम्हाला सगळं दाखवायलाच हवं का हो?"

लिही म्हटलं. लिहिलं.

२९ मार्च

चारूने शाळेत जाताना पत्र नेलं. पुलापलीकडच्या पेटीत टाकते ती, म्हणजे वाशीचा शिक्का बसत नाही. संध्याकाळी विचारलं, टाकलंस? म्हणाली, "चहा घेणार ना?" म्हणजे टाकलं.

१ एप्रिल

काही बातमी नाही. पेपर दोनदा चाळला.

४ एप्रिल, रविवार

राहवेना, गेलो. निमित्त मापं घ्यायचं.

धाड पडलेली नाही. खड्डा खणून तयार, सळ्या येऊन पडल्यात, सिमेंटच्या गोण्या ताडपत्रीखाली. आणि खड्ड्याच्या काठावर एक मुलगी बसलेली. दोन वेण्या. पायांच्या लोखंडी पट्ट्या काढून बाजूला ठेवलेल्या. पाय काडीसारखे.

मला बघून म्हणाली, "तुमीच का माझे हौदाचे साहेब?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

"किती दिस लागतील?"

दीड महिना, म्हटलं. ती बोटांवर मोजायला लागली. मोजून झाल्यावर हसली. "मंजे शाला सुरू व्हायचे आधी. मी चालत जाईन. आतापरत आय पाठीवर घेऊन जाते, पोरं हसतात."

खड्ड्यात झिरपून कमरेएवढं पाणी झालं होतं, गढूळ. कान्हाला धीर निघत नव्हता. लुंगी खोचून उतरला, तिला काखेत धरून पाण्यात सोडलं. बराच वेळ काही नाही. मग डावा पाय हलला. अगदी थोडा, पण हलला. तो ओरडला, "बगा साहेब! हालला! हालला की नाय?" शेवंताबाई बांधावर उभी राहून डोळे पुसत होती. तिनेच सांगितलं, पाटल्या, पुतळ्यांची माळ, सगळं ह्या खड्ड्यात घातलं. "सोनं काय, परत होईल. पोर परत व्हनार हाय का?"

मला तिथे उभं राहवेना. मापं न घेताच निघालो. लाज वाटली. इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

पत्राला आज सात दिवस झाले. म्हणजे कस्टमच्या टेबलावर असणार. कोणत्याही दिवशी जीप निघेल. वैशालीसमोर बापाला धरून नेतील. पावसाआधी हौद झाला नाही तर झालाच नाही. मग तो डॉक्टर, ते सहा महिने, सगळं बुडालं. चारूला काय सांगू? ती म्हणालीच होती.

५ एप्रिल

पत्र परत घेता येतं का? पोस्टात विचारायला गेलो आणि न विचारता परत आलो. विचारलं तर नाव सांगावं लागेल.

६ एप्रिल, मंगळवार

चारू शाळेत गेली आणि मी पहिली एसटी धरली. तिला सांगितलंच नाही. वाटेभर ठरवत होतो, सरळ सांगून टाकायचं, कान्हा, गाढवपणा माझा. पण त्याने अंगणात बाज टाकली, शेवंताबाईने नारळ फोडला, आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं. "माझ्या कानावर आलंय. तुमच्याविरुद्ध कुणीतरी निनावी अर्ज केलाय. कस्टमकडे."

कुणीतरी! किती सहज बोललो.

त्याचा चेहराच उतरला. म्हणाला, "पन आमी केलंय काय?" काही नाही केलं, म्हटलं, पण सावध राहा. कागद नीट ठेवा. सिमेंटच्या परमिटची पावती काढून ठेवा. तो ऐकतच नव्हता. त्याच्या चुलतभावाला दोन वर्षांपूर्वी अशाच कुणाच्या तरी अर्जावरून नेला होता. सापडलं काही नाही, पण चार दिवस बसवून ठेवला आणि असा मारला की अजून उजव्या कानाने ऐकू येत नाही.

"कुनी केला असंल साहेब?"

मी म्हटलं, देव जाणे.

निदान सावध तरी केलं. एवढं तरी केलं मी. आज जरा बरं वाटतंय.

११ एप्रिल, रविवार

सकाळी दारात कान्हा. हातात चिंबोऱ्या, सुतळीने बांधलेल्या, जिवंत. पाया पडायला वाकला. मी मागे सरकलो.

"तुमी होतात म्हनून वाचलो साहेब. देवासारखे आलात. हौद बुजवला."

काय?

"तुमी गेलात तवाच ट्रक आनले मुरमाचे. दोन दिसांन सगला सपाट केला. सळ्या इकल्या. सिमेंट भावकीत वाटला. आता येऊं दे कुनाला यायचं त्याला. काय दिसनारच नाय."

मी म्हटलं, अरे, पण वैशाली? तो चिंबोऱ्यांकडेच बघत होता. "रडते. मामाकडं धाडली. दोन दिस जेवली नाय. पन मना आत टाकला तर हिला खांद्यावर कोन घेल? शेवंता एकटी काय काय करंल? नाय साहेब. आता हौदाचं नाव नाय काढाचं घरात."

पुन्हा खणू, मी मदत करतो, पैसे नकोत मला. बोलत राहिलो, बोलत राहिलो. तो मान हलवत होता, नाय, नाय. जाताना मागे वळून म्हणाला, "अर्ज करनारा कंदी समजला तर सांगा मना. मी काय नाय करनार त्याला. नुसता इचारनार, माझे पोरीनं तुजं काय केलं होतं?"

चारू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सगळं ऐकलं तिने. "हा माणूस तुमच्या पाया का पडत होता? कसला अर्ज? तुम्ही उलव्याला जाऊन काय सांगितलंत?"

सांगितलं. मंगळवारचं सगळं. ती आत गेली आणि ट्रंकेवर जाऊन बसली.

१२ एप्रिल

आज चारूने ट्रंक उघडली. लग्नातल्या शालूखाली नऊ पाकिटं. रेशनवाला, सेक्रेटरी, गॅसवाला, सगळे. सर्वांत वर कस्टम. एकही पेटीत पडलेलं नाही. "तुमचा राग चार दिवसांत उतरतो, म्हणून ठेवून द्यायची," म्हणाली. "तुम्ही स्वतः उठून जाल असं मला वाटलंच नव्हतं."

उलव्याला कुणी जाणारच नव्हतं. गेलो तो मी.