पिनेला शोभणारा टाय

ती. आईस,
इतक्या लांबून पाया पडतो. मी मजेत आहे. कपड्यांच्या दुकानातलं काम अंगवळणी पडलंय, जेवणही वेळेवर होतं.

काल एक बाई नवऱ्याची कोटाची पिन घेऊन आल्या. चांदीचं इवलंसं पान, त्यात हिरवा खडा. यावर शोभेल असा टाय हवा होता. झाली माझी टकळी सुरू! पिन चमकती असली की टाय शांत घ्यावा, खड्याचा रंग त्यात पुसटसा आला की पुरे. मग हसत विचारलं, "कुणाचं लग्न आहे?"

"नाही हो. हे काल गेले. उद्या शेवटचं न्यायचंय."

मी हसू आवरून एक साधा टाय निवडून दिला. त्यांना टायची गाठ येत नव्हती. मीच तो स्वतःच्या गळ्यात बांधला, गाठ सैल करून अलगद काढला आणि त्यांच्या हाती दिला.

"आजारपण मुलाला कळूच दिलं नाही," त्या म्हणाल्या. "म्हटलं, उगाच त्याच्या जिवाला घोर. आता तो वाटेत आहे."

आई, मी फोन केला की बाबा नेहमी झोपलेलेच कसे असतात? मला घोर लागला तर लागू दे. खरं काय ते सांग. मी लगेच निघतो.

तुझा,
धाकटा