डीलियाचा झाडूवाला मामा

ब्रुकलिन, ४ जून १८९६

चि. कॉर्मॅक यास ताईचे अनेक आशीर्वाद.

डीलियाचं लग्न पुढच्या शनिवारी ठरलं. व्याही स्कली म्हणजे घोडागाड्यांचे मालक. त्यांच्या तबेल्यातली जनावरंसुद्धा आपल्यापेक्षा बरं खातात. त्यांना मी सांगून बसले, की माझा भाऊ सरकारी कचेरीत आहे. आणि परवा तू त्या पांढऱ्याशुभ्र गणवेशात लीद लोटता लोटता भररस्त्यात मला हाक मारलीस! उकिरड्यात पडलेला पाववाला दिसत होतास. मी मान फिरवली, राग धरू नकोस.

लग्नाला यायचंच तर काळा कोट घाल, मागच्या बाकावर बस आणि कामाबद्दल चकार शब्द काढू नकोस. नाहीच आलास तर मी समजून घेईन, जेवण पाठवीन.

लोभ आहेच, तो चारचौघांत दाखवायला लावू नकोस.

हनोरा

न्यूयॉर्क, ९ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझी काळजी मिटली. मी पाय मोडून पडलोय.

काल कोपऱ्यावर झाडत होतो. एक गाडी भरधाव वळली आणि चाक पायावरून गेलं. गाडीवान थांबत होता. पण शेजारी बसलेल्या गृहस्थांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, की थांबतोस कशाला, झाडूवाला तर आहे. गाडीवर नाव रंगवलेलं होतं, स्कली. तेच तुझे व्याही! घोडी त्यांची, रस्ता त्यांचा. लीद उचलण्याचा मान तेवढा आमचा. जोडीदार जेनारोनं मला कचऱ्याच्या हातगाडीत घालून घरी आणलं.

पाय नीट जुळला नाही तर काम गेलंच. मुकादम म्हणतो, स्कलीला कोर्टात खेच. डीलियासाठी गप्प बसतोय. जेवण पाठवू नकोस. त्या घोड्यांना घाल.

उरलासुरला लोभ असू दे.

कॉर्मॅक

ब्रुकलिन, १२ जून

चि. कॉर्मॅक यास आशीर्वाद.

तुझं पत्र माझ्याआधी डीलियानं वाचलं आणि मला ओढतच स्कलींकडे नेलं. ते चहा पीत होते. नाकारलं नाहीच, उलट हसले. म्हणाले, पांढऱ्या कपड्यांत सगळे सारखेच दिसतात. तुमचा माणूस आहे हे कळतं तर थांबलो असतो. डीलियानं विचारलं, म्हणजे दुसऱ्या कुणाचा मामा असता तर चाललं असतं? मग ती नवऱ्या मुलाला म्हणाली, की चल माझ्याबरोबर, मामाला भेटून येऊ. त्यानं बापाकडे पाहिलं. तिनं अंगठी काढून चहाच्या बशीत ठेवली.

वाटभर मी तिला शिव्या घातल्या. नशीब लाथाडलंस म्हणाले, कार्टी म्हणाले. ती भराभरा पुढे चालत राहिली. घरी आल्यावर लग्नाचा झगा घडी घालून ठेवताना मात्र हमसून हमसून रडली, तेव्हा माझी जीभ थांबली.

मुकादमाला सांग, खटला भर. स्कलींनी कबूल केलेलं मी माझ्या कानांनी ऐकलंय, साक्षीला मी उभी राहीन. कोर्टात विचारतील, बाई, तुम्ही या झाडूवाल्याच्या कोण? मोठ्यानं सांगीन.

पायाला जप. लोभ मागायला आता तोंड नाही, तरी असू दे.

तुझी ताई
हनोरा