ग्राहकाचा नेहमीचा पत्ता

३ जानेवारी, सकाळी ९.१०
नव्या वर्षाचे संकल्प. एक, पाचला उठणे (उद्यापासून). दोन, ‘निवांत’चे ग्राहक बेचाळीसवरून शंभरावर नेणे. तीन, बायको परत यायच्या आत बाथरूमचा नळ दुरुस्त करणे.
‘निवांत’ म्हणजे माझा आवाज. वॉशिंग मशीनचं माहितीपत्रक, विम्याच्या अटी, असलं काहीबाही मी सावकाश वाचतो. लोक दरमहा वर्गणी भरून ते कानात घालतात आणि झोपतात. मूळ शोध बायकोचा. मी बोलायला लागलो की दुसऱ्या वाक्याला तिचा डोळा लागायचा. दहा वर्षं.
ती सहा महिन्यांच्या प्रोजेक्टवर परदेशी गेली आहे. चौदा महिने झाले. प्रोजेक्ट लांबतात. पण तिकडूनही ती ‘निवांत’ची वर्गणी भरते! माझी एकुलती एक परदेशी ग्राहक. ज्याला सोडून जायचंय त्याचा आवाज कोणी विकत घेतं का? विषय संपला.

११ जानेवारी
पाचला उठलो. पाणी प्यायलो, परत झोपलो.
करसल्लागार मॅडमचा फोन. म्हणाल्या, डिजिटल सेवा देशाबाहेर विकली की विक्रीकर ग्राहक राहतो तिथल्या सरकारचा. ग्राहक एकच असला तरी. मी म्हणालो, ग्राहक म्हणजे माझी बायको आहे हो. मॅडम म्हणाल्या, बायकोसुद्धा ग्राहकच. तिकडे नोंदणी करा, नाहीतर हा ग्राहक सोडा.
सोडा म्हणे!
मी म्हणालो, ती तिकडे राहत नाही, नुसती गेलीय. मग ग्राहक नेहमी कुठे राहतो याचे एकमेकांशी जुळणारे दोन पुरावे आणा म्हणाल्या. दोनच? हातचा मळ.

१६ जानेवारी
पुरावे गोळा केले. बाल्कनीच्या दाराशी तिच्या चपला, काढल्या तशाच. बेसिनवर टूथब्रश. दारावर दोघांच्या नावाची पाटी. कपाटात जाड स्वेटर. परत यायचं नसतं तर स्वेटर ठेवून गेली असती? मेव्हणी म्हणते, ताईनं तिकडे नवा घेतला. मेव्हणीला पहिल्यापासून खोड्या काढायची सवय.
सगळ्याचे फोटो काढून फाइल केली. चपलांचे दोन्ही बाजूंनी.

१९ जानेवारी
मॅडमनी फाइल पूर्ण पाहिली. मग चष्मा काढून बराच वेळ पुसला. म्हणाल्या, चपला चालत नाहीत. चालतं ते असं: कार्ड कुठल्या देशातल्या बँकेचं, इंटरनेट कुठलं, सिम कुठलं.
कार्ड तर आमच्या जॉइंट खात्याचं! म्हणजे इथलं! मॅडमनाही मान्य करावं लागलं की हा एक पुरावा झाला.
येताना प्लंबरकडे गेलो. दुकान बंद. नळाचं उद्या.

२ फेब्रुवारी
दुसरा पुरावा, सिम. तिचा जुना नंबर मी दर महिन्याला रिचार्ज करतो. मॅडमनी विचारलं, फोन कुठे आहे? म्हणालो, माझ्या ड्रॉवरमध्ये. सिम ग्राहकाच्या हातात असावं लागतं म्हणे. तांत्रिक मुद्दा.

५ फेब्रुवारी
तिच्या वर्गणीला नवं कार्ड लागलंय. तिकडच्या बँकेचं. एकमेव पुरावा गेला.
पावती तीनदा उघडून पाहिली, खोटं कशाला लिहू. पण नीट विचार केला. जुनं कार्ड काढून आठवणीनं नवं लावलं, म्हणजे माझा आवाज तिला अजून हवाय. दिवस वाईट नाही.
मॅडम म्हणाल्या, आता ग्राहकालाच विचारा, त्यासाठी फॉर्म असतो. फोनवर हा विषय मी काढत नाही. रविवारी चार मिनिटं बोलतो आम्ही. तिकडची हवा, इकडचा नळ.

९ फेब्रुवारी
फॉर्म पाठवला. ‘नेहमीचा पत्ता’ या रकान्यात इथला पत्ता मीच भरून ठेवलाय. तिनं फक्त ओके दाबायचं. काहीही न वाचता सही करायची तिची जुनी सवय. लग्नाचे कागदही तिनं वाचले नव्हते.

११ फेब्रुवारी
उत्तर नाही. कामात असेल. प्लंबर येऊन गेला. नळ आता दुसऱ्या बाजूनं गळतो.

१२ फेब्रुवारी, दुपारी २.२५
फॉर्म आला. वाचलाय तिनं.
मी भरलेला पत्ता खोडलाय. तिथे तिकडचा पत्ता. घर नंबर, रस्ता, सगळं. किती काळापासून: पंधरा महिने. किती काळासाठी: कायम.
त्याखाली वर्गणी बंद करायचा चौकोन. त्यात टिक. कारण यादीतून निवडायचं असतं. ‘महाग वाटते’, ‘आवाज आवडत नाही’, असं बरंच काही मीच घातलं होतं. त्यातलं एकही तिनं निवडलं नाही. ‘इतर’मध्ये स्वतः टाइप केलंय:
‘आता झोप लागते. दर रविवारी सांगायचं ठरवत होते, जमत नव्हतं. तू वाईट नाहीस रे. नळ दुरुस्त करून घे.’

१३ फेब्रुवारी
मॅडमचा फोन. म्हणाल्या, परदेशी ग्राहक शून्य, म्हणजे नोंदणी नको, कर नको, सुटलात. थँक्यू म्हणालो. आहात ना तिकडे, असं त्यांनी दोनदा विचारलं. आहे म्हणालो. इथेच आहे.
फोन ठेवून रडलो. मग चपला पुसून कपाटात ठेवल्या, स्वेटरच्या खाली.
पाचला उठायचा संकल्प रद्द. पाचला मी रोज जागाच असतो.