इपोहपर्यंत रेल्वे, पुढे गाडी

रवि., २६ ऑक्टोबर. धरणगाव

१२ तारखेच्या नोंदीत खोटं लिहिलं गेलंय. आधी ते दुरुस्त करते. तिथे लिहिलंय, 'आबांना भाड्याच्या गाडीच्या अटी पूर्ण वाचून दाखवल्या. तयार आहेत.' तयार आहेत हे खरं. पूर्ण वाचल्या हे खरं नाही. सातवी अट गाळली. गाडी चालवणारा २३ ते ६५ वयाचाच हवा, आणि ज्याचं नाव नोंदवलंय त्यानेच चालवायची. आबा पासपोर्टवर ६७ चे आहेत.

नजरचूक नव्हती. सहावीवरून आठवीवर गेले आणि आवाज बदलू दिला नाही.

आमच्या घरात शाळेत गेलेली पहिली मी. सातवीत असल्यापासून घरात आलेला प्रत्येक कागद मी वाचून दाखवते. वीजबिल, बँकेचं पत्र, जीपच्या परवान्याचे कागद. आबांना मैलाचे दगड वाचता येतात आणि सही येते, बस. मी एखादी ओळ सोडली तर त्यांना कळायला मार्गच नाही. म्हणून तर कधीच सोडायची नाही, असं मी…

परदेशच्या सहलीला होकार देताना त्यांनी एकच म्हटलं होतं, गाडी माझ्या हातात असेल तर येतो. तीस-पस्तीस वर्षं दुसऱ्यांना फिरवलं, आता मला कोणी बोचक्यासारखं फिरवू नये.

मंगळ., २८ ऑक्टो. धुळे

लॅबमधून आल्यावर आखणी पुन्हा तपासली. चोख आहे. हे लिहायला हरकत नाही, कारण तीन वेळा तपासली.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आबा, आई, मी. क्वालालंपूरला दोन रात्री. तिथून रेल्वेने इपोह. स्टेशनवर उतरून गाडी घ्यायची, कारण चहाच्या मळ्यांच्या डोंगरावर रेल्वे जात नाही. वर दोन रात्री. उतरल्यावर इपोहला परत जायचं नाही, सरळ उत्तरेला पेनांग. गाडी तिथेच द्यायची आणि पलीकडच्या किनाऱ्यावरच्या बटरवर्थ स्टेशनहून रेल्वेने थेट क्वालालंपूर. लांबचे पल्ले रेल्वेचे, डोंगर गाडीचा. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, म्हणून तर हा देश निवडला. आईसाठी शाकाहारी जेवणाच्या जागा कागदावर उतरवल्या, गावागणिक.

गाडी एका गावात घ्यायची आणि दुसऱ्या गावात सोडायची, हे आबांना १२ तारखेला पटेचना. "मंग ती वापस कोन आनी?" मी म्हटलं, त्यांचे लोक. रिकामी? रिकामी. मग ते बराच वेळ हसले. जीपच्या स्टँडवर लग्नाचं भाडं पाचोऱ्याला सोडलं तरी परतीचा हिशेब धरूनच बोलणी होतात. रिकामी गाडी परत आणायला माणूस ठेवणारा मालक त्यांना एकदा बघायचाच होता. मला वाटतं, त्याच क्षणी ते यायला तयार झाले.

गुरु., ३० ऑक्टो.

आबांचं वय. लिहून ठेवते, कारण उद्या मलाच शंका येईल.

आत्या सांगते, बहात्तरच्या दुष्काळात आबा आठ-नऊ वर्षांचे होते, खडी फोडायला आजीबरोबर जायचे. म्हणजे आज फार तर बासष्ट. पण हेवी लायसन्स काढायचं होतं, वय भरत नव्हतं, शाळेचा दाखला नव्हताच. फॉर्म भरणाऱ्याने विचारलं तेव्हा त्यांनी सहा वर्षं वाढवून सांगितली. मग लायसन्सवरून आधार, आधारवरून पासपोर्ट. सगळीकडे १ जानेवारी १९५८.

दीपकला फोन केला. चुलतभाऊ, आबांची जीप आता तोच चालवतो. त्याला त्यात काही अडचणच दिसली नाही. म्हणाला, "ताई, काउंटर सोडं का चावी आबाले देवानी. कोन देखस तठे?"

मी नाही म्हटलं. अपघात झाला तर विमा एक पैसा देणार नाही, समोरच्याचं काय? तो म्हणाला, आबांच्या हातून अपघात? तेही खरं. तरी नाही. लॅबमध्ये नळीवर नाव एकाचं आणि रक्त दुसऱ्याचं, असं मी कधी चालवून घेतलेलं नाही.

म्हणजे गाडी मी चालवणार. लायसन्स दोन वर्षांचं आहे, गाडीही दोन वर्षांची आहे, दोन्ही माझ्या नावावर. पण चालवते कोण? गावी आले की आबा. इथे धुळ्यात गाडी कव्हरखाली. घाट एकदाही केलेला नाही. शिकेन. तीन महिने आहेत.

रवि., २ नोव्हें. धरणगाव

सकाळी आबांचा न्याहारीचा डबा द्यायला स्टँडवर गेले. गाडी दीपकला दिली तरी ते रोज साडेआठला तिथे असतात. कुठली जीप आधी भरायची यावरून वाद झाला की निवाडा त्यांचा.

आमच्या विमानप्रवासाचं सगळ्या स्टँडला माहीत आहे. कोणीतरी म्हणालं, "आबा, इमानमा भी पुढलीच सीट ल्या, त्याले रस्ता दखाडा." दुसरा म्हणाला, तिकडची पोरगी हात दाखवेल तर भरून घेऊ नका, भाडं रिंगिटमध्ये देईल. आबांनी हे रिंगिट, तिकडचं चलन, त्यांना शिकवलेलं. आबा मिश्यांतल्या मिश्यांत हसत होते.

घरी येऊन ठरवलं, आणखी एक दिवसही नको. दुपारी जेवण झाल्यावर सांगितलं. सातवी अट वाचली. मग सांगितलं की ती १२ तारखेलाही कागदावर होती आणि मी वाचली नाही.

वयाबद्दल ते चिडले नाहीत. सुपारी कातरत म्हणाले, "लहाना व्हतू तवय मोठा सांगं. आते मोठा म्हनीसन नही म्हनतस." आईला हसू आलं. मलाही हायसं वाटलं.

मग अडकित्ता खाली ठेवला.

"आजपावत इतला कागद वाचात तू. त्यामा काय काय गाळं?"

मी म्हटलं, काहीच नाही आबा, हे पहिलंच. ते म्हणाले, माले कसं समजी.

 आबा उठले आणि भर दुपारी पुन्हा स्टँडवर गेले.

सोम., ३ नोव्हें. धुळे

आईचा फोन. आबा म्हणाले, तुम्ही दोघी जा.

दोघी जाणार नाही. तिघं, नाहीतर कोणीच नाही.

शनि., ८ नोव्हें. धरणगाव

अटींचे सगळे अकरा पानांचे कागद घेऊन आले. ओसरीवर आबांसमोर बसले आणि पहिल्या शब्दापासून वाचलं. इंग्रजी ओळ, मग मराठी. टायर फुटला तर, किल्ली हरवली तर, गाडीत धूम्रपान, गाडीत ड्युरियन नावाचं फळ. पावणेदोन तास लागले.  आई दोनदा चहा ठेवून गेली.

आबांनी एकदाच थांबवलं. ड्युरियनपाशी. फळाला मनाई का? म्हटलं, वास फार येतो. ते म्हणाले, आपल्याकडे सुकट घेऊन बसणाऱ्याला मी टपावर बसवायचो.

शेवटी एवढंच विचारलं, सातवी कितव्या पानावर आहे. दाखवली. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं, थोडा वेळ तसंच. अक्षरं ओळखल्यासारखं नाही, जागा ओळखून ठेवल्यासारखं. मग आंघोळीला गेले.

बुध., १२ नोव्हें. धुळे

लळिंग घाट. एकटी. लॅब सुटल्यावर नको, म्हणून सकाळीच.

चढताना पुढे कांद्याचा ट्रक. दुसऱ्या गिअरवर त्याच्या मागे मागे. ओव्हरटेक केला नाही, करायचाही नव्हता. वर एकदा गाडी बंद पडली, मागच्याने हॉर्न वाजवला, हँडब्रेक लावला, पुन्हा सुरू केली. मागे घसरली नाही. तशीच उतरले.

पुन्हा चढले. पुन्हा उतरले. लॅबला वेळेवर.

शुक्र., १४ नोव्हें.

लळिंग चार वेळा. ओव्हरटेक एक. नीट झाला. आर.टी.ओ.त इंटरनॅशनल परमिटचा अर्ज दिला. तिथल्या बाबूंनी विचारलं, कोण चालवणार? म्हटलं, मी. पहिल्यांदाच हे वाक्य अडखळलं नाही.

मंगळ., १८ नोव्हें.

आबांचा फोन. ते स्वतः कधी करत नाहीत, आईकडून करवतात. दीपककडून कळलं होतं म्हणे, लळिंगचं.

इकडचं तिकडचं न विचारता म्हणाले, उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसू नको, तापतो. ज्या गिअरमध्ये चढलीस त्यातच उतर. वळणावर आधी हॉर्न, मग वळण. समोरचा भांबावला आहे हे त्याच्या पुढच्या चाकावरून कळतं, तोंडावरून नाही.

मी म्हटलं, तिकडची गाडी बिनगिअरची आहे.

आबा म्हणाले, "बिनगिअरनी गाडी उतारवर धोका देस." म्हटलं, तिलाही उतारासाठी खालचा गिअर टाकता येतो, मी वाचलंय. वाचलंय म्हटलं, हे चुकलं. पण ते म्हणाले, पुऱ्हं वाचं का? पूर्ण, आबा.

येणार का विचारलं तेव्हा फोन आईकडे गेला होता.

रवि., २३ नोव्हें. धरणगाव

आईने भांडी घासता घासता सांगितलं. आबांना कागदाचा राग राहिलेला नाही. शेजाऱ्यांकडे आलेली नोटीस त्यांनी परवा मी येऊन वाचेपर्यंत ठेवून द्यायला सांगितली होती, दुसऱ्या कोणाला दाखवू दिली नाही. अडलंय ते स्टँडवर. तिथे सगळ्यांना सांगून बसलेत, 'परदेशात गाडी मी हाकणार.' आता काय सांगायचं? न जाणंही सोपं नाही, पोरीच्या शेजारी बसून जाणंही नाही.

म्हटलं, मी सांगते स्टँडवर. चूक माझी आहे.

आई म्हणाली, "सांगीसन काय व्हई? त्या दखतीन तवयच मानतीन." बघतील तेव्हाच मानतील.

आबांचं एक स्टँडवर सगळ्यांना ठाऊक आहे. ते कोणत्याच ड्रायव्हरच्या शेजारी बसत नाहीत. दीपकच्या गाडीतसुद्धा मागे बसतात. दीपक म्हणतो, डावीकडे बसले तर त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधतो.

शुक्र., २८ नोव्हें. धुळे

सहलीच्या एजंटने आठवण करून दिली. सोमवारी १ तारखेला संध्याकाळपर्यंत नावं पक्की, नाहीतर गाडी आणि रेल्वेच्या जागा दोन्ही सुटतील. दोन नावं कळवली आहेत. तिसरं सोमवारी कळवते म्हटलं.

आबांना फोन केला. या वेळी काही गाळायचं नाही, असं आधीच कागदावर लिहून घेतलं आणि बघून बोलले. म्हटलं, आबा, रविवारी मी धुळ्याहून गाडी घेऊन येतेय, एकटी, पारोळा-एरंडोलवरून. घरी नाही, स्टँडवर येणार. सगळे असतील तेव्हाच. सातवी अट आणि मी ती का वाचली नाही, हे सगळ्यांसमोर सांगणार. मग तुम्ही डावीकडे बसायचं आणि आपण जळगावपर्यंत जाऊन यायचं, तुमच्याच जीपच्या रस्त्याने. नको असेल तर आत्ताच सांगा, मी घरी येईन.

नको म्हणाले नाहीत. म्हणाले, "मी तं रोजच तठे ऱ्हास." आणि मग, हवा भरून घे, पुढच्या डाव्या चाकात कमी असते.

हवा उद्या भरते. टाकी भरलेली आहे. काच आतून पुसली. डावी सीट एक खाच मागे सरकवली, त्यांचे पाय लांब आहेत. घाबरले आहे का? हो. पण येते आता गाडी.

निघायचं पावणेसातला. पोचायचं रविवारी, ३० नोव्हेंबरला, सकाळी साडेआठला.