टोरंटो ते नागपूर, पावणेएकोणीस तास

१९ जानेवारी २०२५, रविवार, सकाळी ७.२०, बेला (जि. आदिलाबाद)
दात घासत असताना आदिलाबादहून नरसिंगरावकाकांचा फोन. त्यांच्या मयूरीसाठी माझं स्थळ सगळ्यांना पसंत आहे, पण शेवटचा शब्द तिच्या भावाचा. आदित्य शनिवारी टोरंटोहून नागपूरला उतरतोय. त्याला आणायला मी जाईन म्हणालो. तोंडात पेस्ट होती, तरी स्पष्ट म्हणालो. काकांनी तिकिटाचा फोटो पाठवला.

२० जानेवारी
तिकिटात चूक आहे. शुक्रवारी सकाळी ११ ला निघणार, शनिवारी दुपारी ४.१५ ला नागपूर. सव्वाएकोणतीस तास! विमान आहे की बैलबंडी? शाळेतून पृथ्वीगोल मागून आणला. दोरा लावून मोजलं. दिल्लीपर्यंत ११,६५० किलोमीटर. वळणांचे दहा टक्के जास्त धरले, कारण बेल्याचा रस्ताही नकाशात सरळच दिसतो. ताशी नऊशे. दिल्लीत तीन तास, पुढे दीड. एकूण पावणेएकोणीस. म्हणजे पहाटे ५.४५. कंपनीने साडेदहा तास उगाच छापलेत.

२२ जानेवारी
चुलतभाऊ बंडूची गाडी ठरवली. बंडू म्हणाला, काऊन बे, कंपनीवाल्यायले हिशेब येत नाही अन् तुले येते? तुह्यं इंटरचं मॅथ्स तीनदा राह्यलं. मी म्हणालो, ते ट्रिगोनोमेट्री होतं, हा भागाकार आहे.
मयूरी फोनवर म्हणाली, दादा तर चार वाजता म्हणतो. मी समजावलं की प्रवाशाला वेळेचं भान राहत नाही. तिने फोन ठेवला. पटलं असावं.

२५ जानेवारी, शनिवार, पहाटे ५.१०, नागपूर विमानतळ
पस्तीस मिनिटं आधी. हारावर पाणी शिंपडलं.
८.३०. आदित्य नाही. फोन बंद. दारावरच्या जवानाला टोरंटोवाले कुठे विचारलं. तो म्हणाला, भाऊ, इथं टोरंटोचं विमान येतच नाही. दिल्लीवाले कधीचेच गेले. निष्कर्ष एकच: आदित्य विमानात बसलाच नाही. अशी बातमी लपवणं बरोबर नाही. त्याच्या आईला, पद्मजाकाकूंना, शांतपणे कळवलं. काकू शांत राहिल्या नाहीत.
११.४५. परतताना पांढरकवड्याला चहा. मयूरीचा फोन. काकूंनी देव पाण्यात ठेवलेत, काकांना चक्कर आली. मी धीर दिला: टोरंटोच्या पोलिसात तक्रार द्या.

२६ जानेवारी
आदित्य काल ४.१५ लाच उतरला. तासभर वाट पाहिली, मग टॅक्सी केली. तिथली घड्याळं आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतात म्हणे. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. प्रवास मात्र पावणेएकोणीस तासांचाच झाला. मी हे आवर्जून आदित्यला सांगायला गेलो. तो म्हणाला, अच्छा, तुम्हीच का ते. आणि आत गेला. झोप झाली नसावी.

२९ जानेवारी
गाडी, डिझेलसह ४,२००. पैकी बंडूला देणं २,२००. पार्किंग १८०. हार ९०.
सकाळच्या बसने काकांनी माझी पत्रिका आणि फोटो परत पाठवले. कंडक्टरला वीस रुपये. तेही मीच दिले.