दारातला पॉज

डोंबिवली पूर्व
५ फेब्रुवारी २०२६

प्रिय सहदेव भाऊजींस,
वहिनीचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. रतनच्या गुडघ्याला नव्या तेलाने उतार पडला हे तिच्याकडूनच फोनवर कळलं, म्हणून ते विचारत नाही. आम्ही दोघी जावा बोलायला लागलो की तुम्ही तिकडे बाळकुमला आणि हे इकडे, दोघंही टीव्हीचा आवाज बारीक करता, ते आम्हाला कळत नाही असं समजू नका. सख्ख्या भावांनी बोलणं टाकलं, तरी कान काही टाकता येत नाहीत.

पत्र कशाला, असं वाटेल तुम्हाला. व्हॉट्सॲपवर मी काही पाठवलं की दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे सामसूम. पत्राचं बरं असतं. तुम्ही वाचलंत की नाही ते मला कळायचं नाही, म्हणजे मला रागही यायचा नाही. तर रविवारी सकाळी तुम्ही आमच्याकडे यावं, एवढ्यासाठी हे पत्र आहे. लगेच घडी घालू नका. आधी आपल्या क्षिप्राचं ऐका.

आमच्या सौमित्रची ही लेक. तुम्ही खांद्यावर बसवून मांडवात फिरवत होतात ती आता मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजने प्रोजेक्ट दिलंय, शॉर्टफिल्मची फक्त सुरुवात करायची. दोन मिनिटं. पुढची फिल्म नाहीच! मी म्हटलं, हे कसलं प्रोजेक्ट, वरण-भात वाढायचा आणि जेवू द्यायचं नाही. तर म्हणाली, "आज्जी, तेच तर! वास आला पाहिजे आणि भूक लागली पाहिजे. बास."

या दोन मिनिटांसाठी ती पोर दिवाळीपासून राबतेय. दुसऱ्यांच्या फिल्मच्या सुरुवाती बघून झाल्या, तेही आवाज बंद करून एकदा आणि डोळे मिटून एकदा. सोसायटीत घरोघर जाऊन विचारून आली, की मोबाईलवर काही लावलंत तर कुठल्या क्षणी कंटाळून पुढे सरकवता. वॉचमनलाही सोडलं नाही. मग जागा शोधायला निघाली, तेव्हा मलाही बरोबर नेलं. माजिवड्याच्या पुलाखाली उभं केलं, कळव्याला खाडीकाठी उभं केलं. खाडीवर मला चिखलाचा वास सोसवेना आणि ही आपली शांतपणे डोळे मिटून उभी. म्हटलं, झालं का? तर म्हणे, "दिसतं मस्त गं, पण बघून मला काही प्रश्नच पडत नाहीये."

भाऊजी, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी उभा जन्म नोकरी केली, पण कामाचं असं वेड मला कधी लागलं नाही. मला तिचं फार कौतुक वाटतं. तोंडावर सांगत नाही, डोक्यावर बसेल. तुम्हाला सांगते.

शेवटी जागा सापडली ती आमचीच गॅलरी आणि आमचाच दिवाणखाना. काड्यांची माणसं काढून एकेका शॉटची चित्रं तिने फ्रिजवर चिकटवलीत, दूध काढताना मला आख्खी फिल्म बघावी लागते. गोष्ट अशी. एक म्हातारा दुपारी कॅरम मांडतो. पावडर टाकतो, सोंगट्या लावतो, समोर दुसरी खुर्ची ओढतो आणि बसून राहतो. कोणाची वाट बघतोय ते सांगायचं नाही. मग दार वाजतं. संपलं.

म्हातारा कोण, ते ओळखलंत. हे आधी नाही-नाही म्हणाले, मग दुसऱ्या दिवशी न सांगता दाढी करून आले. सान्वी म्हणून तिची मैत्रीण आहे, माजिवड्याची, कॅमेरा तिच्याकडे. तुमचं बाळकुम तिला जवळ, म्हणून हे पत्रही तिच्याच हाती देतेय.

तर पहिल्या चाचणीला यांनी सोंगट्या अशा लावल्या की मी बघतच राहिले. पण क्षिप्रा ओरडली, "आजोबा, ओठ हलतायत तुमचे!" पुन्हा घेतलं, पुन्हा हलले. हे म्हणाले, मी कुठे काय बोलतोय? तिसऱ्यांदाही तेच. पोरी वैतागल्या, हेही वैतागले, मी सरबत केलं.

संध्याकाळी हे भाजी आणायला गेले, तेव्हा क्षिप्राने कानात ते इअरफोनचं बोंडुक घालून चाचणीचं रेकॉर्डिंग आवाज मोठा करून ऐकलं. मग एक बोंडुक माझ्या कानात घातलं. अगदी पुटपुटणं होतं, पण मला पहिल्याच शब्दाला कळलं. "मी आलोय. आत येऊ का?"

तुमचं वाक्य, भाऊजी. गणपतीतल्या त्या शेवटच्या नाटकातलं. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत हे तुम्हाला प्रॉम्प्ट करत होते, दर नाटकात विंगेतून करायचे तसं, आणि यांचं यांना ठाऊकही नव्हतं.

मी एवढंच म्हटलं की हे एका जुन्या नाटकातलं आहे. पण ती कसली ऐकते! मंडळाने त्या प्रयोगाची सीडी काढली होती ना, ती कपाटाच्या तळातून मलाच शोधायला लावली. सान्वीच्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर लावून मोबाईलवर आणली आणि काल दुपारी इथे टीव्हीवर लावली. मी नको म्हणणार होते. त्या नाटकाने आपल्या घराचं काय केलं ते तिला माहीत नाही, ती तेव्हा लहान होती. पण मलाही तुम्हाला बघायचं होतं. केस काय दाट होते हो तुमचे!

तो प्रवेश आला. घर सोडून गेलेला मुलगा परत येतो, दारात उभा राहतो. तुम्ही उभे राहिलात. आणि काही बोलला नाहीत.

क्षिप्रा पुढे सरकून बसली. "आज्जी, कसला भारी पॉज घेतलाय! डोळे बघ यांचे. यांना आत यायचंय आणि पाय उचलत नाहीये." तेवढ्यात विंगेतून आवाज आला, "मी आलोय, मी आलोय!" आणि पब्लिक हसलं. क्षिप्राने कपाळावर हात मारला. "अरे यार! हा कोण मध्येच बोलला? सगळी वाट लावली पॉजची!"

आमच्या मागे हे उभे होते. हातात पपईच्या फोडींची ताटली.

मी टीव्ही बंद करायला उठले, तर म्हणाले, "परत लाव." तिने लावलं. "परत." पुन्हा लावलं. पपई कोणी खाल्ली नाही. मग खुर्चीवर बसले आणि तिला म्हणाले, "मध्येच बोलला तो मी. मला वाटलं, हा विसरला." ती गोरीमोरी झाली, सॉरी-सॉरी म्हणू लागली. हे म्हणाले, "तू कशाला सॉरी? तुला एका नजरेत दिसलं. मी आयुष्यभर विंगेत उभा राहिलो, मला त्याची पाठच दिसायची."

त्या प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी आरतीनंतर तुम्ही यांना म्हणाला होतात, "दादा, मी विसरलो नव्हतो." आणि हे म्हणाले होते, "अरे, माणूस विसरतो, त्यात काय!" मी प्रसादाचं ताट घेऊन तिथेच होते. यांना वाटलं आपण समजूत घालतोय. तुमचा चेहरा मी पाहिला. त्यानंतर तुम्ही रंगमंचावर चढला नाहीत आणि आमच्या घराचा जिनाही. लग्नकार्यात एकाच मांडवात दोन टोकांना जेवलात दोघं. मी तेव्हाच मध्ये पडायला हवं होतं असं रतन म्हणते. पण तुम्हा दोघांच्या मध्ये पडायचं म्हणजे आपलंच डोकं फोडून घ्यायचं.

काल मी यांना म्हटलं, आता तरी फोन करा भाऊजींना. तर म्हणाले, "नको. मी त्याला काही सांगायला गेलो की घातच होतो." आणि गॅलरीत जाऊन बसले. आज सकाळी उठून बघते तर फ्रिजवरच्या शेवटच्या चित्रासमोर उभे. तिथे नुसतं बंद दार काढलंय. क्षिप्राला म्हणाले, "दार उघडलं तर चालेल का गं तुझ्या सरांना?"

तिने तासभर विचार केला. दार उघडलं की प्रश्न संपतो ना, म्हणून. मग स्वतःच चित्र बदललं. दार उघडतं, दारात एक माणूस उभा. आत येतो की परत जातो, ते दाखवायचं नाही. तिथे फिल्म थांबते. आता तिला तो माणूस हवाय. सान्वीचे आजोबा तयार आहेत, तरी ही म्हणते, "असा पॉज दुसऱ्या कोणालाच जमणार नाही. सहदेव आजोबा आले तर दार उघडेन, नाही तर बंदच ठेवेन." तिच्या फिल्मला दोन्ही चालेल, तिची तयारी पक्की आहे. आम्हाला बंद दार चालणार नाही. मला तर नाहीच, आणि यांना किती चालणार नाही ते मी आत्ता बघतेय. गॅलरीत दोन खुर्च्या आहेत, हे एकीवर बसलेत आणि दुसरीवर पेपरही ठेवू देत नाहीत.

तुमची आठवण येते, भाऊजी. मला येते, आणि यांना तर ओठ हलतात इतकी येते.

रविवारी दहाला या. रतनला आणा, जेवायलाच थांबायचंय. बिरड्याची उसळ करतेय, वाल भिजत घालेन. जिना चढून या, दारात उभे राहा. एक अक्षर बोलायचं नाही, तिला संवाद नकोच आहेत. हवा तेवढा वेळ घ्या.

या वेळी मध्ये कोणी बोलणार नाही.

दार उघडायला उभी असलेली
तुमची
हेमावहिनी