कमरेची चार हाडं

२ ऑक्टोबर
लागलो! राजधानीत, बिश्केकमध्ये, पिठाच्या घाऊक कंपनीत, शिकाऊ हिशेबनीस. तीन महिने उमेदवारी, ३१ डिसेंबरला कायम. अर्जात 'तीन वर्षांचा अनुभव' लिहिलं होतं. खोटं नाही. तीन उन्हाळे गावच्या लग्नांत आहेराची वही मीच लिहिली. मामांनी शब्द टाकला, पण तो निव्वळ उपचार. आईने माझ्या कॉलेजसाठी घोडी विकली होती. फोनवर रडली. म्हटलं, वर्षभरात दोन घेऊन देतो.

५ ऑक्टोबर, सकाळी ९.४०
मुख्य हिशेबनीस शारापात एजे, म्हणजे सगळ्यांच्या ताई. पन्नाशीच्या, चष्मा दोरीला. विचारलं, नावे कशाला म्हणतात, जमा कशाला? मी म्हणालो, ते परिस्थितीवर असतं. हिशेबाचं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. बाईंना पहिल्या आठवड्यातच निरुत्तर केलं.
संकल्प: रोज एक तास पुस्तक. उद्यापासून.

१९ ऑक्टोबर
गोदामाचा ताळा जुळेना. सतरा पोती कमी. दोन तास डोकेफोड. मग खाली एक ओळ टाकली: 'इतर – १७'. जुळला! हे कॉलेजात शिकवत नाहीत, अंगात असावं लागतं.

८ नोव्हेंबर
माझ्यानंतर आलेल्या आयझादाला बँकेची कामं. मला चहा. पण चहा ओतताना सगळ्यांची टेबलं दिसतात. एजे मला वरच्या जागेसाठी तयार करताहेत. आयझादा म्हणाली, मिर्बेक, ती सतरा पोती एकदा गोदामात जाऊन मोज की, पाय झिजतील का? जळते.
पुस्तक: पान ४.

२७ डिसेंबर
परवा कंपनीची मेजवानी. संचालक तोल्कुन बाइकेंनी (इथे साहेबांनाही बाइके, दादाच म्हणतात) विचारलं, मेंढीचे वाटे कोण लावणार? सगळ्यांत आधी माझा हात वर. एजे म्हणाल्या, नीट कर रे बाबा, साहेबांचे वडील येणारेत. मानाप्रमाणे कुणाला कुठलं हाड द्यायचं, हे आपल्यात शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणालो, एजे, मी एक्सेल करतो. हसल्या. कौतुकाने.

२८ डिसेंबर
तक्ता तयार. बारा माणसं, बारा वाटे, बेरीज चोख. शेपटाकडचा वाटा बायकांच्या मानाचा, तो एजेंना. कमरेचं हाड सगळ्यांत मोठ्या मानाचं, म्हणून चौघांना: साहेबांचे वडील, साहेब, विक्रीप्रमुख, आणि म्हातारे ड्रायव्हर असान-आके. कुणीच नाराज नको.
आईला कळवलं, कायम झाल्यातच जमा आहे. तिने गावाला आवतण दिलं.

२९ डिसेंबर, संध्याकाळी ७
वेळ वाचावा म्हणून दाराजवळच्यांपासून वाढत गेलो. ड्रायव्हर, विक्रीप्रमुख. तिसरं कमरेचं हाड मागायला गेलो तर आचारी म्हणाला, भाऊ, मेंढी एकच कापली होती.
साहेबांच्या वडिलांपुढे बरगडी ठेवली. ऐंशी वर्षांच्या माणसाने ताट हलकेच पुढे सारलं. मग टोपी घातली आणि उठून गेला. साहेब कोटाशिवाय मागे धावले. मी एजेंना तक्ता दाखवला. म्हटलं, बेरीज जुळते. त्या म्हणाल्या, बेरीज जुळली की मेंढीला आणखी एक कंबर फुटते का रे?
चूक आचाऱ्याची. आधी सांगायला नको?

३० डिसेंबर
एजेंनी माझे तिन्ही महिन्यांचे तक्ते उघडले. 'इतर' अकरा ठिकाणी. विचारलं, 'इतर' म्हणजे काय? म्हटलं, इतर गोष्टी. चष्मा काढून ठेवला. आहेराची वहीपण अशीच लिहिलीस का, म्हणाल्या.
मग माझ्यासमोरच मामांना फोन. बाइके, तुमचा पोरगा परत न्या. चहा मात्र बरा करतो, हे घरी सांगा.
आयझादा हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

२ जानेवारी, गाव
बर्फ. आईने मेंढी कापूनच ठेवली होती, पाहुणे बसलेले. म्हटलं, कायम झालो. कुणी अभिनंदन केलं नाही. मामा माझ्या आधी पोचले होते.
वाटे मामांनीच लावले. कागद नाही, काही नाही. कमरेची हाडं दोन, मानाची माणसंही दोनच निघाली. बाकीची हाडं ज्याची त्याला बिनबोभाट गेली. मला पोरांच्या पंगतीत बसवलं. ताट आईने आणून ठेवलं. नुसतं मटण, हाड नाही. मी वर बघितलं. ती दारातून रिकाम्या तबेल्याकडे बघत होती.
खा, म्हणाली. मऊ आहे.